सवलत आहे, गाडी नाही

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रातील सर्व महिलांना राज्य परिवहनाच्या गाडीतून निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. त्याच्या काही महिने आधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांना विनामूल्य प्रवासाची मुभा मिळाली होती. विद्यार्थ्यांच्या पासात दोन-तृतीयांश सूट पूर्वीपासूनच आहे आणि ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना तर अहिल्याबाई होळकरांच्या नावाने चालणाऱ्या योजनेखाली पास फुकटच मिळतो. कागदावर पाहिले तर खेड्यातील मुलगी, तिची आई आणि तिची आजी या तिघींच्या प्रवासाची काळजी सरकारने वाहिलेली आहे. परंतु ज्या गावाच्या फाट्यावर सकाळी गाडीच येत नाही त्या गावातील या तिघींच्या पदरात नेमके काय पडते? निम्मे भाडे हे असलेल्या फेरीचे असते. नसलेल्या फेरीचे निम्मे भाडे काढता येत नाही.

हा शब्दच्छल नव्हे. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देते ती विकल्या गेलेल्या तिकिटांच्या हिशेबाने. म्हणजे सरकारी पैसा प्रवाशाच्या मागून जातो आणि प्रवासी गाडीच्या मागून जातो. जेथे गाड्या पुष्कळ आहेत, उदाहरणार्थ भंडारा ते नागपूर या सुमारे ६० किलोमीटरच्या राष्ट्रीय महामार्गावर, तेथे सवलतीमुळे गर्दी वाढते, गर्दी वाढल्याने महामंडळाला मिळणारी भरपाई वाढते आणि त्यामुळे आणखी एखादी फेरी त्याच मार्गावर टाकणे आगारप्रमुखाला शहाणपणाचे वाटते. त्या फेरीसाठी गाडी आणि चालक-वाहक कोठून तरी काढावेच लागतात. ते बहुधा आतल्या खेड्याच्या फेरीतून काढले जातात. अशा रीतीने गरिबांसाठी म्हणून दिलेले अनुदान गरिबांतील सर्वांत दूरच्या माणसाला गाडीपासून आणखी थोडे दूर लोटते. कोणाचाही हेतू वाईट नसता असा परिणाम घडून येणे ही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित अशी गोष्ट आहे. पण तिची चर्चा मात्र होत नाही. चर्चा होते ती फक्त सवलत द्यावी की न द्यावी एवढ्यापुरती.

भंडारा जिल्ह्यापुरता विचार केला तर ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या सात तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांवर आहे आणि तिच्यातील दहापैकी आठ माणसे खेड्यात राहतात. मुंबई-हावडा हा देशातील एक प्रमुख लोहमार्ग जिल्ह्यातून जातो खरा, पण तो जिल्ह्याच्या मुख्य गावाला टाळून जातो; भंडारा रोड स्थानक वरठीला आहे. तुमसर रोडपासून तिरोडीकडे जाणारा फाटा मॅंगनीजच्या खाणींच्या मुलखातून जातो. दक्षिणेकडे पवनीच्या लोकांना नागपूर-नागभीड ही अरुंद मापाची गाडी होती. मार्गाच्या रुंदीकरणासाठी तीही २०१९ साली थांबली. उरलेला सारा भार रस्त्यावर, म्हणजे एसटीवर. त्यात हा नद्यांचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगा त्याला उभा छेद देते. मोहाडी तालुक्यातील करडीचा भाग नदीच्या एका बाजूला आणि तालुक्याचे ठिकाण दुसऱ्या बाजूला. बावनथडी, सूर, चुलबंद या नद्या पावसाळ्यात आपापल्या परीने वाटा अडवतात. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्या जलाशयाखाली गावे गेली, त्यांच्याबरोबर जुन्या पांदणी आणि गाडीवाटाही गेल्या, आणि नव्या वसाहतींतील माणसांना बाजाराची, शाळेची, नातेवाइकांची अंतरे पुन्हा नव्याने मोजावी लागली.

या जिल्ह्यात रस्ते नाहीत असे मात्र आता कोणी म्हणू नये. १९४३ साली देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरलाच भरली होती आणि शेतीप्रधान प्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर असू नये असे उद्दिष्ट तिने ठरविले होते. पुढे १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून गावोगाव माती पडली, २५ डिसेंबर २००० रोजी पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, २०१५ पासून मुख्यमंत्र्यांच्या नावाची योजना आली. बऱ्याच गावांपर्यंत डांबर पोचले. गंमत अशी की डांबर पोचले आणि गाडी आटली. 'गाव तेथे रस्ता आणि रस्ता तेथे एसटी' या घोषणेतील पहिला अर्धा भाग बराचसा खरा होत असताना दुसरा अर्धा भाग मागे पडत गेला. रस्त्याचे उद्घाटन करता येते, त्याच्या कडेला नावाचा दगड बसविता येतो. रोज सकाळी साडेसहाला सुटणाऱ्या गाडीचे उद्घाटन एकदाच होते आणि तिचा खर्च मात्र रोजचा असतो. आपल्या अंदाजपत्रकांचा कल भांडवली खर्चाकडे का असतो याचे याहून सोपे स्पष्टीकरण वर्गात देता येत नाही.

पूर्वी हा रोजचा खर्च कोण सोसत होते? १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी गाडी धावली. १९६१ साली आजच्या महामंडळाची रचना झाली तेव्हा मराठवाड्यातील आणि विदर्भातील सरकारी वाहतूक सेवा तीत मिसळल्या. टप्पा वाहतुकीचा एकाधिकार महामंडळाला मिळाला. त्या एकाधिकारामागे एक अलिखित करार होता. गर्दीच्या लांब पल्ल्यावर मिळविलेल्या चार पैशांतून आडवळणाच्या गावाचा तोटा भरून काढायचा. आम्ही याला परस्पर-अनुदान म्हणतो. ही व्यवस्था आदर्श नव्हती. नागपूर-पुणे प्रवास करणाऱ्या कारकुनाने पालांदूर किंवा सिहोऱ्याच्या शेतकऱ्याचे भाडे का भरावे, असा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याला न्यायाच्या भाषेत उत्तर देणे कठीण गेले असते. पण ती चालली आणि तिच्या बळावर महाराष्ट्राच्या खेड्यांत निदान दोन पिढ्या शिकल्या.

तो करार मोडला तो कोणी जाहीरपणे मोडला नाही. कंत्राटी परवान्यावरच्या खासगी आरामगाड्यांनी लांब पल्ल्याचा चांगला प्रवासी नेला. काळी-पिवळी जीप आणि नंतर तीनचाकींनी तालुक्याच्या आसपासचा जवळचा प्रवासी उचलला. जे उरले ते महामंडळाचे. त्यावर प्रवासी कर साडेसतरा टक्क्यांचा. म्हणजे एका हाताने सवलतीची भरपाई देणारे सरकार दुसऱ्या हाताने त्याच तिकिटातून आपला वाटा काढून घेत राहिले. मग करोनाची साथ आली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. संपामागची वेतनाची गाऱ्हाणी खोटी नव्हती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. पण जवळजवळ सहा महिने गाडी न आलेल्या गावाने आपले आयुष्य गाडीवाचून बसवून घेतले. ज्याच्याजवळ पैसे होते त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली, ज्याच्याजवळ नव्हते त्याने जाणेच सोडले. साथीपूर्वी महामंडळाजवळ सुमारे १८ हजार गाड्या होत्या. त्या पुढे १५ हजारांच्या आसपास आल्या. जून २०२५ मध्ये सरकारने महामंडळाची श्वेतपत्रिका काढली तेव्हा संचित तोटा १० हजार कोटी रुपयांच्या वर गेला होता. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढविले गेले होते, हेही लक्षात ठेवावे. गाड्या कमी पडल्या की प्रथम कोणती फेरी रद्द होते, हे सांगायला श्वेतपत्रिकेची गरज नाही.

रद्द होणाऱ्या फेऱ्यांमध्ये एका फेरीचे दुःख वेगळे आहे. ती म्हणजे मुक्कामी गाडी. शहरातील वाचकाला या शब्दाचा पुरता अर्थ कदाचित ठाऊक नसेल. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी मार्गावरील शेवटच्या गावात जाऊन थांबते. चालक आणि वाहक तेथेच, बहुतेक वेळा गाडीतच किंवा टपावर, रात्र काढतात आणि पहाटे तीच गाडी दिवसाची पहिली गाडी म्हणून सुटते. वाहतूकशास्त्राच्या दृष्टीने ही विलक्षण हुशारीची व्यवस्था आहे. भंडारा विभागाची आगारे भंडारा, तुमसर, साकोली, पवनी आणि गोंदिया जिल्ह्यातील गोंदिया व तिरोडा येथे आहेत. लाखांदूरला आगार नाही. तेव्हा लाखांदूरच्या अंगाच्या एखाद्या खेड्यातून सकाळी सहाला गाडी सोडायची तर ती पवनीहून किंवा साकोलीहून पहाटेच्या अंधारात रिकामी धाडावी लागेल आणि रात्री तशीच रिकामी परत आणावी लागेल. मुक्कामामुळे हे दोन्ही रिकामे हेलपाटे वाचतात. शिवाय रात्री गावात गाडी उभी आहे याचा अर्थ अवेळी काही घडले तर सकाळी जाण्याची खात्री आहे, असा होतो. तालुक्याच्या बाजाराला गेलेल्या बाईला संध्याकाळी परतण्याची खात्री असते. सकाळच्या गाडीने जाणारा मुलगा नागपूरची अकराची मुलाखत गाठू शकतो. शेवटची गाडी आणि पहिली गाडी या दोन्ही एकच असल्यामुळे ती बंद झाली की गावाच्या दिवसाची दोन्ही टोके एकदम तुटतात आणि मधल्या वेळेत दुपारी दीडला येणारी गाडी असली काय आणि नसली काय, कामाची राहत नाही.

मुक्काम बंद का होतो? कर्मचाऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या गावात रात्री टेकायला कोरडी खोली नाही, स्वच्छतागृह नाही, डासांनी झोप लागत नाही, तेथे पहाटे चाळीस माणसांचा जीव हातात घेऊन गाडी हाकणाऱ्या चालकाने मुक्कामाला नकार दिला तर त्याला कामचुकार म्हणणे अन्यायाचे होईल. वाहकांमध्ये आता महिलाही आहेत. त्यांना टपावर झोपा म्हणून सांगणार कोण? ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतील एक खोली, दिवा, पंखा, पाणी आणि संडास, एवढ्यावर जी गोष्ट टिकू शकली असती ती मागण्यासाठी निवेदने मात्र पाठविली जातात परिवहन मंत्र्यांकडे.

आता तोट्याच्या युक्तिवादाकडे वळू. खेड्याच्या फेरीने तोटा होतो हे विधान खरे की खोटे? दोन्ही. महामंडळ आपला सर्व खर्च, म्हणजे डिझेल, टायर, वेतन, गाडीची झीज, कार्यशाळा आणि थेट मुंबईच्या मध्यवर्ती कार्यालयापर्यंतचा सगळा डोलारा, एकूण धावलेल्या किलोमीटरांनी भागते आणि दर किलोमीटरचा सरासरी खर्च काढते. त्या सरासरीशी खेड्याच्या फेरीचे उत्पन्न ताडले तर ती तोट्यातच निघणार. पण ती फेरी बंद केल्याने कार्यालयाचे भाडे वाचत नाही की आगारप्रमुखाचे वेतनही वाचत नाही. वाचते ते डिझेल, थोडे टायर, थोडी झीज. म्हणजे प्रत्यक्षात टळणारा तोटा हा कागदावरील तोट्याहून बराच लहान असतो. असे असूनही आगारप्रमुख मूर्ख नाही. त्याच्याजवळ गाड्याच कमी आहेत. तीच गाडी त्याने नागपूरच्या मार्गावर लावली तर ती भरून जाते. अर्थशास्त्रात ज्याला संधिव्यय म्हणतात तो हा. खेड्याची फेरी चालविण्याची खरी किंमत डिझेलमध्ये मोजायची नसून महामार्गावर सोडून दिलेल्या कमाईत मोजायची असते. म्हणूनच आगारप्रमुखाला दम देऊन, त्याच्या कार्यालयापुढे विद्यार्थ्यांचे धरणे धरून, गाडी चार दिवस सुरू होते आणि पाचव्या दिवशी बंद पडते. जोपर्यंत ती फेरी चालविणे हे त्याच्या हिशेबात नुकसानीचे आहे तोपर्यंत असेच होत राहणार.

आणखी एक हिशेब चुकतो तो मागणीचा. फेरी चालू ठेवावी की नाही हे भारमानावरून, म्हणजे भरलेल्या आसनांच्या प्रमाणावरून ठरते. पण गाडीची वेळ बेभरवशाची झाली की प्रथम नोकरदार आणि विद्यार्थी दुसरी सोय पाहतात. भारमान उतरते. भारमान उतरले म्हणून चारांपैकी दोन फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेलाही प्रवासी जातो. शेवटी अहवालात लिहिले जाते की या गावात प्रवासीच नाहीत. वास्तविक प्रवासी तेथेच असतात. दहावीनंतर घरी बसलेल्या मुलीच्या रूपाने, तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणीची तारीख चुकविणाऱ्या गरोदर बाईच्या रूपाने, धान विकल्यावर बँकेत खेटे घालायला जाताना दिवसाची मजुरी बुडविणाऱ्या शेतकऱ्याच्या रूपाने. न फाडलेल्या तिकिटाची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही. (हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांना रात्री ट्रॅक्टर आणि मेटॅडोर भरून माणसे येतात, ती कोठून येतात असा प्रश्न कोणत्याही वाहतूक निरीक्षकाने विचारल्याचे ऐकिवात नाही.) जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयात शेवटच्या तासिकेला मागच्या बाकांवरची मुलेमुली दप्तर आवरून दाराकडे पाहत असतात. तो उनाडपणा असेलच असे नाही. गावाकडे जाणारी ती दिवसातील शेवटची गाडी असते.

बाजाराला हे काम करू द्या, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. काळी-पिवळी आहेच की, ती का चालत नाही? चालते, पण आपल्या नियमाने चालते. ती भरल्याशिवाय हलत नाही. पश्चिम आफ्रिकेत घानामध्ये ट्रोट्रो नावाच्या खासगी लहान गाड्यांवर सारा देश फिरतो, सेनेगलमध्ये रानवाटांच्या टॅक्सी आहेत. त्यांचाही नियम हाच. वाहन भरले की निघायचे. मोठ्या गावातून मोठ्या गावाला जाताना हा नियम उत्तम काम करतो, वाहन दहा मिनिटांत भरते. दूरच्या लहान खेड्यात मात्र तोच नियम अर्धा दिवस खातो; बाजाराच्या दिवशी वाहनाला माणसे लोंबकळतात आणि इतर दिवशी वाहन येतच नाही. अशा वाहनाला वेळापत्रक नसते आणि वेळापत्रकाशिवाय शाळा, नोकरी आणि दवाखाना यांपैकी काहीही साधत नाही. आपल्या शेजारी बालाघाट आणि शिवनी हे मध्य प्रदेशचे जिल्हे आहेत. त्या राज्याने आपले परिवहन महामंडळ तोट्यापायी २००५ च्या सुमारास गुंडाळण्याचे ठरविले आणि वाहतूक खासगी मालकांवर सोपविली. वीस वर्षांनंतर, २०२५ साली, सरकारी देखरेखीखालील बससेवा नव्याने उभी करण्याचा निर्णय त्याच राज्याला घ्यावा लागला. बावनथडीच्या पलीकडे घडलेला हा प्रयोग आपण फुकटात पाहून घ्यावा. तो पुन्हा करून पाहण्याचे कारण नाही.

मग करावे काय? तिकिटाला अनुदान देण्याऐवजी, किंवा निदान त्याच्या जोडीला, फेरीला अनुदान द्यावे. केरळने जुलै २०२२ मध्ये 'ग्रामवंडी' नावाची योजना सुरू केली. तीत गाडी व कर्मचारी राज्याच्या महामंडळाचे असतात, इंधनाचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्था उचलते आणि मार्ग व वेळ ठरविण्यात तिचा शब्द चालतो. तमिळनाडूने १९९७ साली मिनी बसची योजना आणली तेव्हा परवाना देताना अट घातली की मार्गाचा मोठा भाग जेथे दुसरी गाडीच जात नाही अशा गावांतून गेला पाहिजे. दोन्हींतील तत्त्व एकच आहे. ज्याला सेवा हवी त्याने किंवा त्याच्या वतीने सरकारने त्या विशिष्ट सेवेची उघड किंमत मोजायची. हे तत्त्व आपल्याकडेही अगदी नवे नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली २०११ पासून शाळकरी मुलींसाठी ज्या निळ्या गाड्या धावतात त्यांचा खर्च तिकिटांच्या विक्रीवर अवलंबून नसून कार्यक्रमाच्या निधीतून येतो. त्या गाड्यांनी किती मुलींना दहावी-बारावीपर्यंत नेले असेल! त्यांची मर्यादा एवढीच की त्या शाळेच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेला बांधलेल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत गावातील बाकीच्या माणसांना दवाखाना लागत नाही असे कोणी समजू नये.

रकमेची कल्पना यावी म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, आगारापासून १५ किलोमीटरवरचे एक गाव आहे. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा जाऊन-येऊन दोन फेऱ्या, म्हणजे दिवसाचे ६० किलोमीटर. किलोमीटरला ६० रुपये खर्च धरला तर दिवसाला ३,६०० रुपये झाले. सवलतीची भरपाई धरून उत्पन्न १,६०० रुपये आले तर तूट २,००० रुपयांची, वर्षाला ७ लाख ३० हजारांची. असे १०० मार्ग धरले तरी वर्षाचे ७ कोटी ३० लाख होतात. आकडे गृहीत आहेत, ते आगारनिहाय दुरुस्त करावेत. परंतु रकमेचा आवाका जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्याबाहेरचा नाही. एक किलोमीटर ग्रामीण रस्त्याच्या डांबरीकरणाला काय लागते हे त्या समितीच्या सदस्यांना तोंडपाठ असते. दोन गोष्टी त्यांनी शेजारी ठेवून पाहाव्यात. आणि एकदा ही तूट करारात लिहून मिळाली की आगारप्रमुखाच्या दृष्टीने लाखांदूरकडील गाडी आणि नागपूरची गाडी यांत फरक उरत नाही. उलट खेड्याची कमाई अधिक निश्चित होते, कारण ती गर्दीवर अवलंबून नसते.

पैशाशिवाय होण्याजोगी एक गोष्टही आहे आणि ती शिक्षक वाचकांच्या हाती आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या बहुतेक शाळा एकाच सुमारास भरतात आणि एकाच सुमारास सुटतात. त्यामुळे सकाळी दोन तास जिल्ह्यातील प्रत्येक मार्गाला एकाच वेळी गाडी हवी असते आणि दुपारी त्याच गाड्या आगारात उन्हात उभ्या असतात. एका परिसरातील दोन शाळांनी आपापल्या वेळांत दीड तासाचे अंतर ठेवले तर एकच गाडी दोन गावांची मुले आणू शकते. वर्गखोल्या, पोषण आहार, शिक्षकांची स्वतःची जाण्या-येण्याची सोय, असे अडथळे यात आहेत. त्यांतील शेवटचा सर्वांत मोठा आहे हे आपण आपसात कबूल करायला हरकत नाही. पण शाळांचे मुख्याध्यापक आणि आगारप्रमुख जूनच्या आधी एका टेबलाशी बसले आहेत, असे दृश्य तालुक्यांत क्वचितच दिसते. वेळापत्रक दोन्हीकडे स्वतंत्रपणे तयार होते आणि मग मुले गाडीसाठी वर्ग किंवा वर्गासाठी गाडी सोडतात.

गाड्या आहेत कोठे, असा शेवटचा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण महामंडळाच्या ताफ्यात नव्या गाड्यांची भर पडण्याची वेळ आता येत आहे. २०२४ साली अशोक लेलॅंडला दोन हजारांहून अधिक गाड्यांची मागणी नोंदविण्यात आली. याच कंपनीचा एक कारखाना आपल्या जिल्ह्यात, लाखनी तालुक्यातील गडेगावला, महामार्गाच्या कडेला उभा आहे. बस बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील मुली गाडीअभावी शाळा सोडतात, यावर उपरोधाने बोलण्याचा मोह टाळलेला बरा. प्रश्न इतकाच की भंडारा विभागाच्या वाट्याला नव्या गाड्या येतील तेव्हा त्या कोणत्या मार्गावर जायच्या हे कोण ठरविणार. आज ते भारमान ठरविते. जिल्हा परिषदेने त्याआधी गावनिहाय एक यादी करून ठेवावी. कोणत्या गावाला सकाळी आठच्या आत जाणारी आणि संध्याकाळी साडेपाचनंतर परतणारी गाडी आहे, कोणत्या गावाला यांपैकी एकच आहे आणि कोणत्या गावाला एकही नाही, एवढे तीन रकाने पुरेत. माहिती गोळा करायला नवी यंत्रणा नको. प्रत्येक गावात ग्रामसेवक आहे, शाळा आहे. ज्या फेरीला जिल्ह्याच्या निधीतून पैसे द्यायचे ती आली की नाही, किती वाजता आली, याची नोंद शाळेच्या हजेरीपटाशेजारी ठेवावी आणि महिन्याचे देयक त्या नोंदीवर मुख्याध्यापकांची सही झाल्याशिवाय मंजूर करू नये. गाडी किती धावली हे गाडीच्या मालकाकडूनच ऐकायचे आणि पैसे द्यायचे, ही पद्धत कंत्राटी कामांत कोठे नेऊन ठेवते ते या जिल्ह्याने कालव्यांच्या बाबतीत पुरेसे पाहिले आहे.